सिलिकॉन मारून द्या!

मंडळी, हल्ली गळतीला एकच औषध निघालंय. मोरीतून पाणी झिरपतंय? सिलिकॉन. खिडकीतून पाऊस येतोय? सिलिकॉन. गाडीच्या पुढच्या काचेतून पाणी पायावर टपकतंय? मारा की सिलिकॉन, त्यात काय एवढं! स्वस्तातली नळी, दहा मिनिटांचं काम. या 'मारून द्या' विरुद्ध आज मला जरा तोंड सोडायचंय. नातेवाईक मंडळींनी मनाला लावून घेऊ नये. पण घ्यायचंच असेल तर खुशाल घ्यावं, कारण लिहितोय ते मुख्यतः त्यांच्यासाठीच!

विषय आहे आबांच्या हेरल्डचा. आमच्या बोरीच्या घरामागच्या शेडमध्ये ती उभी असते. नवीन वाचकांसाठी सांगतो, हे बोरी जिंतूर तालुक्यातलं, परभणी जिल्ह्यातलं. आणि हेरल्ड म्हणजे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१ पासून आपल्याकडे बनवलेली इंग्लंडच्या ट्रायम्फची गाडी. तिचं रूप इटलीच्या मिकेलॉटीनं काढलं. ट्रायम्फची ती गाजलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, १९६२ ची स्पिटफायर, तीही त्याच माणसाची आणि तिची चासी हेरल्डच्याच चासीवरून बेतलेली. म्हणजे आमची हेरल्ड स्पिटफायरची घरंदाज, संसारी थोरली बहीण. त्यामुळे दुखणीही सारखीच. त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं म्हणजे काचेचं रबर.

आता लोकांना वाटतं, जुनी गाडी इंजिनानं मरते. चूक! इंजिन खोलता येतं, बोअर करता येतं, नवे पिस्टन घालता येतात. जुनी गाडी पाण्यानं मरते. परभणीच्या उन्हात रबर वर्षानुवर्षं भाजतं, कडक होतं, त्याला चिरा पडतात. मग पावसाळ्यात पाणी त्या चिरांतून आत शिरतं, रबराच्या खोबणीत साचतं आणि पत्र्याची जी कड रबरानं पकडलेली असते तिला खात बसतं. उरलेलं डॅशबोर्डमागून खाली उतरतं आणि पायाखालचा पत्रा कुजवतं. वरून गाडी चकाचक, आणि चटई उचलली की खालची जमीन दिसते!

आबांनी गाडी जिल्ह्याच्या गावी एका दुकानात दाखवली होती. तिथल्या मुलानं रबर दाबूनसुद्धा पाहिलं नाही. काचेभोवती नळी फिरवली, बोट फिरवलं, पैसे घेतले. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आत.

का? तर ऐका. स्वस्तातल्या सिलिकॉनची नळी उघडली की नाकात आंबूस वास जातो ना, तो अॅसेटिक अॅसिडचा. म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. सिलिकॉन वाळताना ते बाहेर पडतं आणि उघड्या पत्र्याला गंजवतं. ज्या कडेला वाचवायचं, तिलाच आंबवणाचा लेप! अॅसिड नसलेलं, न्यूट्रल म्हणतात तेही मिळतं, पण त्यानं कडक रबर मऊ होत नाही. उलट बाहेरची फट बंद झाली की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायची वाटच उरत नाही. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे रंगही धड धरत नाही.

यावर आमचे एक इंजिनियर मेहुणे म्हणतात, "नव्या गाड्यांच्या काचा चिकटवलेल्याच असतात की!" असतात ना भाऊजी. पण त्या गाड्या तशाच बेतलेल्या असतात. पॉलियुरेथेननं चिकटवलेली काच तिथे बॉडीला बळकटी देते. हेरल्डची बॉडी वेगळ्या चासीवर बसवलेली, तीही तुकड्यातुकड्यांत बोल्टांनी जोडलेली. खड्ड्यातून जाताना ती थोडी पिळवटणारच. तो पीळ काचेपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये रबर आहे. तिथं काच घट्ट चिकटवली तर पीळ काचेवरच येणार.

बरं, खरा उपाय काही अवघड शास्त्र आहे का? मुळीच नाही. रबर इंग्लंडहून मागवता येतं, ट्रायम्फचे सुटे भाग तिकडे अजून बनतात. आणि बसवणारा? तो आपल्या गावाकडेच सापडला. आयुष्यभर ट्रकच्या काचा बसवलेले एक म्हातारे मामू. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही तर आपल्या ट्रकसारखीच आहे, लहान आहे एवढंच!"

त्यांनी जुनं रबर ओढून काढायच्या भानगडीत न पडता सरळ ब्लेडनं कापलं. रबर वाचवायच्या नादात काचेवर जोर देऊ नये म्हणून. सिलिकॉन खरवडलं, गंज घासून काढला, रेड ऑक्साइड आणि रंग लावून दोन दिवस वाळू दिलं. नवं रबर तासभर उन्हात ठेवून नरम केलं. (आमचं ऊन पहिल्यांदा उपयोगी पडलं!) रबर काचेवर चढवलं, बाहेरच्या खोबणीत सगळीकडून नायलॉनची दोरी घातली, दोन्ही टोकं खाली मध्यभागी आतल्या बाजूला सोडली. साबणाचं पाणी लावलं. मग मी बाहेरून तळव्यानं काच दाबायची आणि मामूंनी आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटत जातो. आधी खालची बाजू, मग दोन्ही अंगं, शेवटी वरची. कुठेही ठोकाठोकी नाही. शेवटी बाहेरच्या खाचेत पट्टी भरली की रबर फुगून काच आणि पत्रा दोन्हीकडे घट्ट बसतं. नंतर पाइप लावून पाणी मारलं, आत थेंब नाही.

माझा राग नळीवर नाहीच. राग आहे तो आधी न बघता झाकून टाकण्यावर. आणि याच वृत्तीचं सरकारी रूप म्हणजे गाडीचं वय मोजणं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. धूर सोडणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नको, हे मलाही मान्य. मग धूर मोजा, ब्रेक तपासा, पत्रा ठोकून बघा! पन्नाशी उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'विंटेज' म्हणून मान दिला खरा, पण तशी नोंद केली की ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला. म्हणजे एक तर भंगार, नाहीतर देव्हारा. नीट राखून वापरणं हा तिसरा पर्याय कोणाच्या डोक्यातच येत नाही.

आणि गाडीपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. दोरीनं काच बसवणारे हात आता म्हातारे झालेत. नव्या गाड्यांच्या काचा चिकटवल्या जातात, तेव्हा ही विद्या शिकायला येणार कोण? मामूंचा नातू मोबाइलच्या काचा बदलतो. चांगलं काम आहे ते, पण दोरीचं कसब त्याच्याकडे गेलेलं नाही.

तेव्हा काका, तुम्ही लग्नात सगळ्यांसमोर विचारलंत ना, "हे भंगार कधी विकणार?" त्याचं उत्तर हे. आधी चटई उचलून पत्रा बघा. पत्रा कुजला असेल तर बोलू आपण. नसेल, तर ती गाडी आहे. भंगार नव्हे.