पऱ्ह्यांना जपता, बाळालाही जपा

शेतकरी बंधूंनो, बांधीत रोवणी करताना पऱ्ह्यांची मुळं तुटू नयेत म्हणून आपण किती जपतो! मग दवाखान्यातून दोन-तीन दिवसांचं बाळ मोटारसायकलवर का आणतो? त्याची मान सावरलेली नसते, त्याच्या मापाचं हेल्मेटही नसतं.

चार वर्षांखालच्या लेकराला दुचाकीवर चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेट आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत, हा केंद्राचा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. तान्ह्याला मात्र दुचाकीवर नेऊच नये.

सरकारी दवाखान्यातून बाळंतिणीला व बाळाला मोफत घरी सोडण्याची सोय जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून आहे. 102 ची गाडी हक्कानं मागा. खासगी गाडी केलीच, तर बाळ पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नका. ब्रेक लागला की हात पुरत नाहीत.

घरी बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवा. उशी नको, तोंडावर पदर नको. पावसाळ्यात मण्यार साप रात्री भुईवरच्या अंथरुणात शिरतो. म्हणून खाट आणि खोचलेली मच्छरदाणी हवीच.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढं करावं: 102 हा नंबर पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.