चटणी कुटलेलीच मागा

सोलापूरकडे गेलात तर अमुक गोष्टी सोडू नका, अशी एक यादी सध्या मोबाइलवर फिरते आहे. पुण्याच्या भाच्याने पाठवली, मुंबईच्या मित्राने पाठवली, आणि मंद्रूपच्याच एका शेजाऱ्याने ‘तुमच्यासाठी’ म्हणून पाठवली. चादर, कडक भाकरी, शेंगा चटणी, हुरडा, शेंगापोळी, सगळं एका दमात लिहिलंय. कधी जायचं, कुणाकडं मागायचं, चांगलं कसं ओळखायचं, याबद्दल अवाक्षर नाही. परिणाम काय झाला? भर आषाढात एक कुटुंब तेरा मैलाच्या चौकात गाडी थांबवून हुरड्याची चौकशी करत होतं. टपरीवाला बिचारा समजावत होता, “साहेब, ज्वारी अजून पेरलीच नाही की. पेरायलाच दोन-तीन म्हैने हाएत.” त्या मंडळींचे चेहरे उतरले. त्यांची काय चूक? कुणीतरी आवडीनं सांगितलं म्हणून ती इतक्या लांब आली होती.

माहिती म्हणून एकदा सांगून टाकतो. आमच्याकडची ज्वारी रब्बीची. पावसाळ्यानं काळ्या रानात जी ओल मुरवून ठेवली, तिच्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. दाणा हिरवा, दुधाळ असतो तो मधला काळ, डिसेंबरअखेर ते साधारण फेब्रुवारी, हाच हुरड्याचा. कणीस शेणीच्या आगटीत भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम असतानाच तोंडात टाकायचं. गूळभेंडी मिळाली तर दुसरीकडं बघू नका. भाकरीसाठी मात्र मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणांतून निवडलेली ती ज्वारी अजून कुणाला हरलेली नाही. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही.

आता वाचक मला विचारतात, की मग तुमची यादी कोणती? या सदराच्या जुन्या वाचकांना ती तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे. तरी सांगतो.

पहिली गोष्ट खायची नाही, बघायची आहे. हत्तरसंग-कुडल. भीमा आणि सीना जिथं भेटतात तिथं संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि त्या देवळात शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जे लेख वाचले, त्यांतला हा मुकुटमणी. शेजारीच हरिहरेश्वराचं देऊळ मातीखालून काढलं, त्यात ३५९ मुखांचं शिवलिंग सापडलं. दुपार कलल्यावर जा, थंडीत जा, आणि डबा घेऊन जा. पलीकडे कर्नाटक. घाटावर बसलेल्या माणसांच्या बोलण्यात एक वाक्य मराठी तर दुसरं कानडी, आणि दोन्हीकडच्यांना दोन्ही कळतं. मला हे ऐकत बसायला फार आवडतं.

दुसरी चादर. तिच्यावर मी मागे सबंध लेख लिहिला आहे, म्हणून थोडक्यात. जेकार्ड मागाची सुती चादर घ्या. उलटीसुलटी करून बघा. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल, तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल फूल दिसलं पाहिजे. नुसती छपाई असेल तर मागची बाजू फिकट पडलेली असते. ती परत करा. आणि नवी असताना कडक लागते म्हणून नाक मुरडू नका. दर धुण्याला ती मऊ होत जाते. आमच्या घरात सगळ्यांत जुनी चादर कुणी घ्यायची यावरून थंडीत अजून भांडणं होतात.

तिसरी कडक भाकरी, आणि तिच्याबरोबर शेंगा चटणी. इथं मात्र मला थांबावं लागणार आहे, कारण या आठवड्यात मी खरा चिडलो तो या चटणीवरून.

भाच्याने यादीबरोबर एक पाकीटही पाठवलं. “मामा, आता इथंच मिळते, तुम्हाला पाठवायचा त्रास नको.” पोराचा हेतू चांगला होता, त्याला मी काही बोललो नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात सोलापुरी शेंगा चटणी. आत कोरडा भुगा. चमच्यानं उचलला तर वाऱ्यावर उडेल इतका कोरडा. जिभेवर आधी साखर आली, मग तिखट, मग फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ. लसूण शोधूनही सापडला नाही. ज्या गावाच्या नावावर ही चीज विकतात, त्या गावातल्या कुठल्याही घरात हे ताटात वाढलं असतं तर पाहुणा उठून गेला नसता, पण घरची म्हातारी स्वयंपाकघरातून बाहेर आली नसती.

आमच्या गल्लीत एक अव्वा आहेत. वय झालंय, कंबर वाकलीय, पण घरातलं उखळ त्यांनी अजून सोडलेलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, आतून इतकं गुळगुळीत की हात फिरवत राहावं. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसू. त्या शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजतात, आणि भाजताना दुसरं काही करत नाहीत, कुणाशी बोलतही नाहीत. दाण्यावर तांबूस ठिपके आले, सालीनं तडकायला सुरुवात केली की लगेच खाली. थोडे निवल्यावर हातानं चोळून सुपात पाखडायचे. सगळी साल त्या काढत नाहीत, थोडी राहू देतात. उखळात आधी जाडं मीठ, जिरं आणि लसूण. लसणाच्या पाकळ्या पातळ सालीसकट. त्याचा लगदा झाला की तिखट, आणि मग शेंगदाणे, एकदम सगळे नाही, ओंजळ-ओंजळ.

त्यांना मी एकदा विचारलं होतं, मिक्सर का नाही लावत? “मिक्सर फिरलालं म्हणून चटणी होती व्हय? त्ये कापतंय. चटणी कुटावं लागतंय.” सगळं शास्त्र त्यात आलं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. मिक्सरचं पातं दाण्याचे बारीक तुकडे करतं; तेल तुकड्यात अडकून राहतं आणि हाती येतो भुगा. फिरवत राहिलात तर एकदम लोण्यासारखा चिकट गोळा होतो. मधली पायरी त्याला साधत नाही. मुसळ दाणा चिरडतं. घावाघावाला थोडं थोडं तेल सुटतं आणि ते सुटता सुटता तिखटात, मिठात, लसणात मुरतं. म्हणून कुटलेल्या चटणीचा रंग गडद असतो, तिला चकाकी असते. मुठीत धरून दाबली तर मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे दिसतात. बोटाला तेल लागतं, पण वरून थेंबभर घातलेलं नसतं. आणि खाताना मधूनच एखादा अर्धवट फुटलेला दाणा दाताखाली येतो. तो येणार नसेल तर ती चटणी मी चटणी मानत नाही.

सगळ्यांना उखळ शक्य नाही, हे मला कळतं. डंक आहे की. आमच्याकडं मसाला कुटायचे डंक गावोगाव आहेत. त्यात लोखंडी मुसळं वरखाली होत राहतात, घाव मुसळाचाच बसतो, मेहनत विजेची. सोलापुरात चांगली चटणी विकणारे बहुतेक जण याच पद्धतीनं कुटतात. तेव्हा दुकानात गेलात की एवढंच विचारा, “कुटलेली आहे का?” विकणारा जाणता असेल तर त्याचा चेहरा खुलतो, आणि तो मागच्या डब्यातली काढून देतो. मग चिमूटभर हातावर मागा. साखर लागली तर तिथंच ठेवून या. तिखटाची जात विचारा. ब्याडगी असेल तर रंग चढेल, जळजळ होणार नाही. फार मोठं पाकीट घेऊ नका. शेंगदाण्याचं तेल खवट होतं. महिनाभरात संपेल एवढीच घ्या, काचेच्या बरणीत ठेवा, ओला चमचा घालू नका.

माझं खरं दुःख वेगळं आहे. मंद्रूपमध्ये गेल्या काही वर्षांत घरं नवी झाली, चांगली झाली, व्हायलाच हवी होती. पण फरशी बसवताना मधे येतं म्हणून कित्येक उखळं सिमेंटनं भरून टाकली. गवंडी विचारतो, “याचं काय करायचं?” आणि घरातला कर्ता पुरुष म्हणतो, “बुजवून टाका.” ज्या बाईनं त्यात चाळीस वर्षं कुटलं तिला कुणी विचारत नाही. एका घरात मी स्वतः पाहिलं, चकचकीत पांढऱ्या फरशीखाली नेमकं उखळ कुठं आहे ते सासूबाई पायानं दाखवत होत्या. मला वाटतं, घर बांधताना देवघराची जागा ठरवतो तशी उखळाची जागा ठरवावी. परसात ठेवा, जिन्याखाली ठेवा, पण ठेवा. ज्यांनी काढून बाजूला ठेवलं आहे, त्यांनी ते पाण्याच्या कुंडीसाठी वापरू नये ही माझी हात जोडून विनंती आहे.

कुटण्याचे कष्ट मला दिसतात. बायांचे खांदे त्यात गेले. म्हणून कुटलेली चटणी पाकिटापेक्षा महाग मिळाली तर घासाघीस करू नका. कडक भाकरीचंही तेच. ज्वारीचं पीठ ताजं लागतं, विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच तुटते. ज्वारीला गव्हासारखी चिकाटी नसते, म्हणून उकळतं पाणी घालून, चटके सोसत मळायचं. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या धगीला उभी करून पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. कितीतरी बायांचे संसार या भाकरीवर चालतात. आणि ही ज्वारीही सुखासुखी येत नाही. आमच्याकडं ती उपटून काढतात. हाताला फोड येतात. उजनीचं पाणी आलं तिथं तिथं ऊस आला, आणि उपटायला माणसं मिळत नाहीत म्हणूनही कित्येकांनी ज्वारी सोडली. त्यांना दोष देणारा मी कोण? पण बाजारात ज्वारीला चार पैसे जास्त मिळाले की मला मनापासून आनंद होतो, भले माझ्या घरचा खर्च वाढो.

शेंगापोळीबद्दल आणि येळ अमावस्येच्या भज्जी-आंबिलीबद्दल लिहायचं होतं, जागा उरली नाही. त्या अमावस्येला मार्गशीर्ष संपता संपता आमच्याकडची सगळी गावं रानात जेवायला जातात. तेव्हा लिहीन, म्हणजे वाचून लगेच येता येईल.

तोवर चटणी कशी खायची ते सांगतो, कारण यादीवाल्यांनी तेही सांगितलेलं नाही. पसरट वाटीत घट्ट दही घ्या, म्हशीचं, कालच्या विरजणाचं. त्यावर दोन चमचे चटणी टाका आणि ढवळू नका. कच्चा कांदा बुक्कीनं फोडा, सुरी लावू नका. कडक भाकरीचा तुकडा मोडून आधी दह्यात बुडवा, मग चटणीला टेकवा. भाकरीचा कुरकुरीतपणा जायच्या आत घास तोंडात गेला पाहिजे. तेल हवंच असेल तर करडईचं, कच्चं, चमचाभर. शेवटी भाकरीचा चुरा उरतो तो वाटीतल्या उरलेल्या दह्यात टाकून पाच मिनिटं तसाच ठेवा. आमच्या घरी त्या वाटीवर पहिला हक्क अजून आईचाच आहे.