विद्यापीठाच्या नेटवर्कचे नियम गेटपर्यंतच. तालुक्याच्या कॉलेजचं काय?

पदवीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका पूर्वी सीलबंद पाकिटातून गाडीने तालुक्याच्या केंद्रावर यायची. आता ती नेटवरून येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीला 'एसआरपीडी' म्हणतात. मुंबई विद्यापीठातही प्रश्नपत्रिका ऑनलाइनच पाठवल्या जातात. पेपर सुरू व्हायच्या थोडं आधी कॉलेजने ती डाउनलोड करायची, प्रती काढायच्या आणि वर्गात वाटायच्या. नेट चालू असेल तर काम सोपं आहे. ऐनवेळी नेट बंद पडलं तर पोरं कोऱ्या उत्तरपत्रिकेकडे बघत बसतात.

फक्त पेपरच नाही. प्रवेश अर्ज, परीक्षा फॉर्म, हॉलतिकीट, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, निकाल, सगळं त्याच वायरीतून जातं. म्हणजे गावातल्या पोराच्या शिक्षणाची दोरी कॉलेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका छोट्या पेटीला बांधलेली आहे. ही पेटी कुणी बसवायची आणि तिची काळजी कुणी घ्यायची, याचे नियम विद्यापीठांकडे आहेत. अडचण एवढीच, की ते विद्यापीठाच्या आवारापुरते लिहिलेले असतात.

नियम काय सांगतात?

देशातल्या बऱ्याच विद्यापीठांनी आयटी धोरण तयार केलं आहे. कागद इंग्रजीत असतो, पण मुद्दे शेतकऱ्याला सहज कळतील असेच आहेत.

पहिला मुद्दा मालकीचा. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणारं मुख्य जाळं विद्यापीठाच्या संगणक केंद्राच्या ताब्यात राहतं. विभागातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक जबाबदार माणूस नेमलेला असतो. बिघाड झाला तर कुणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरा मुद्दा केबलचा. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाकायची, आत तांब्याची केबल वापरायची. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. ठिबकची नळी फार लांबवली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच इथं होतं. शिवाय फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही. तांब्याची केबल उघड्यावरून नेली आणि पावसाळ्यात जवळ वीज कोसळली, तर दोन्ही बाजूंची उपकरणं जळू शकतात. नेटची केबल विजेच्या वायरीपासून लांब ठेवायची, कॉम्प्युटरला यूपीएस आणि चांगलं अर्थिंग द्यायचं, हेही नियमांत असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त मोडला जातो. परवानगीशिवाय कुणी स्वतःचा वायफाय राउटर जाळ्याला जोडायचा नाही. हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. जाळ्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता लागतो आणि तो वाटण्याचं काम एकाच यंत्राकडे असतं. एखाद्या सरांनी घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला, तर तोही पत्ते वाटायला लागतो. एका गावात दोन तलाठी सातबारा द्यायला बसले तर जो गोंधळ होईल, तोच इथं होतो. निम्म्या कॉम्प्युटरचं नेट जातं आणि कारण शोधण्यात दिवस मोडतो.

नियम मोडले की काय होतं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. एम्स हे देशातलं एक मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि वैद्यकीय शिक्षणाची मोठी संस्थाही. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. सरकारने नंतर संसदेत सांगितलं, की जाळ्याचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, म्हणून हल्लेखोर आत शिरू शकले. रानात वाफे पाडलेले नसतील तर एका ठिकाणी सोडलेलं पाणी सगळीकडे पसरतं, तसंच हे. कॉलेजात पोरांचं वायफाय आणि ऑफिसचे कॉम्प्युटर एकाच जाळ्यावर असतील, तर धोका त्याच जातीचा आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायचं ठरवलं. तयारी अपुरी होती. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन् महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढण्यात आलं. तो घोळ केवळ नेटवर्कचा नव्हता. पण यंत्रणा आधी सुरू करायची आणि ती सांभाळणार कोण हे नंतर बघायचं, याची किंमत पोरांनी मोजली. अनेकांचे पुढचे प्रवेश त्यात अडकले.

गेटच्या बाहेर अंधार

राज्यातल्या एकेका मोठ्या विद्यापीठाला शेकडो कॉलेजं संलग्न आहेत आणि बहुतांश पोरं याच कॉलेजांत शिकतात. विद्यापीठांसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाल मंजूर केलं. त्यातून मोठ्या संस्थांना वेगवान नेट मिळालं. तालुक्याच्या कॉलेजला मात्र बहुतेक ठिकाणी साधं ब्रॉडबँड असतं आणि ते सांभाळायला स्वतंत्र माणूस नसतो. ऑफिसमधला क्लार्क, नाहीतर तासिका तत्त्वावरचे कॉम्प्युटरचे सर, जमेल तसं बघतात. सरांचं काम संपलं की पासवर्डही त्यांच्याबरोबरच जातो.

खरेदीचं तसं नाही. नॅकची टीम येणार म्हटलं की नवीन वायफाय लागतं, लॅबचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. उपकरण घ्यायला निधी मिळतो, पण तीन वर्षांनी यूपीएसची बॅटरी बदलायला पैसे कुठून आणायचे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. उपसा सिंचन योजनेचं अनेक गावांत जे झालं तेच हे. पंप बसतो, फीत कापली जाते आणि मोटार जळाली की वर्गणीवरून भांडणं सुरू होतात.

नेटच्या बाबतीत तर गावांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली, पण कित्येक ठिकाणी ती पेटी शोभेची झाली. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, ती जोडायला कुणी आलं नाही. सरकारलाही हे कळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला, त्यात दोन बदल महत्त्वाचे आहेत. एक, केबल गोल कड्यासारखी फिरवायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. दोन, जो ठेकेदार जाळं उभारेल त्यानेच ते १० वर्षं चालवायचं आणि दुरुस्त करायचं. ते प्रत्यक्षात किती उतरतं हे दिसेलच. पण देखभाल आधी लिहून घ्यावी लागते, हे केंद्राने मान्य केलं. विद्यापीठांनी आपल्या संलग्न कॉलेजांसाठी तेवढं तरी करायला हवं.

कायद्याचा फास आवळतोय

आता हा विषय फक्त सोयीचा राहिलेला नाही. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढले. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. सरकारी संस्थाही त्यात येतात. जिथं नोंदवहीच नाही, तिथं हल्ला झाल्याचं कळणार कसं?

त्यात कॉलेजकडे पोरांचं आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असं सगळं असतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहितीची पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती फुटली तर शिष्यवृत्तीच्या नावाने फसवे फोन गावातल्याच घरांत येणार, हे वेगळं सांगायला नको.

करता येईल ते काय?

कॉलेजं म्हणतील, आधीच अनुदान वेळेवर येत नाही, त्यात नवे नियम कशाला? हा मुद्दा चूक नाही. पैसे न देता नुसतं परिपत्रक धाडलं तर प्राचार्यांच्या टेबलावर एक कागद वाढेल, बाकी काही नाही. पण यातले बरेच नियम फुकटात पाळता येतात. कोणती केबल कुठं जाते याची चिठ्ठी लावणं, उपकरणांची वही ठेवणं, राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलणं, नवा पासवर्ड सीलबंद पाकिटात प्राचार्यांकडे ठेवणं, याला किती पैसे लागतात? छोटा स्विच हजार-दोन हजारांत येतो. तो एक जादा आणून ठेवला तर परीक्षेचा दिवस वाचतो. दुसऱ्या कंपनीचं सिमवर चालणारं नेट पेपरच्या दिवशी हाताशी ठेवणं हेही अवघड नाही.

विद्यापीठाचं काम त्यापुढचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ असतं. या मंडळाने संलग्न कॉलेजांसाठी मराठीत एक पानाची नियमावली काढावी. संलग्नीकरणाच्या तपासणीला समिती येते तेव्हा खोल्या आणि पुस्तकं मोजते, तशीच नेटवर्कची वहीही मागावी. आणि परीक्षा शुल्कातला ठराविक हिस्सा परीक्षा केंद्राच्या नेटच्या देखभालीला द्यावा. पेपर नेटवरून पाठवल्याने छपाई आणि वाहतुकीचा खर्च विद्यापीठाचा वाचला, तो भार कॉलेजवर आला. मग पैसाही तिकडे वळायला हवा.

गावानेही गप्प बसू नये. त्याच कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती ठेवली आहे. तिच्यात स्थानिक सदस्य असतात, माजी विद्यार्थी असतो. आपल्या भागातला सदस्य कोण, हे विचारून घ्या आणि पुढच्या बैठकीत त्यांना चार प्रश्न मांडायला सांगा.

नेट बंद पडलं तर फोन कुणाला करायचा? परीक्षेच्या दिवशी दुसरी सोय काय आहे? पोरांचं वायफाय आणि ऑफिसचं जाळं वेगळं आहे का? देखभालीला यंदाच्या बजेटमध्ये किती रुपये धरलेत?

चारही प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली तर कॉलेज चांगल्या हातात आहे. चौथ्या प्रश्नाला शांतता पसरली, तर परीक्षेआधीच जागं व्हायला हवं.