विश्लेषण : गोड व्हाइट वाइन आवडणाऱ्यांना रेड वाइन तुरट का लागते? सुरुवात कोणत्या रेडने करावी?

नाशिकच्या वाइनरीत पहिल्यांदाच गेलेल्या अनेकांना गोडसर शेनिन ब्लां लगेच आवडते. पुढच्या ग्लासात शिराझ किंवा कॅबर्ने सॉव्हिन्यॉं आली, की मात्र तोंड वाकडे होते आणि ‘रेड आपल्यासाठी नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात चूक बहुधा निवडीची असते.

रेड वाइन तुरट का लागते?

व्हाइट वाइनसाठी द्राक्षे दाबून रस वेगळा काढतात आणि तो सालींशिवाय आंबवतात. रेड वाइनचा रस साली आणि बियांसह आंबतो. त्यातून रंगाबरोबर टॅनिनही उतरते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. कोरा चहा किंवा सुपारीचा तुरटपणा याच जातकुळीतला. त्यातच बहुतांश रेड वाइनमधील साखर यीस्टने जवळपास संपवलेली असते. त्यामुळे हा तुरटपणा झाकायला गोडवा उरत नाही.

लेबलवर काय पाहावे?

‘फ्रूटी’ म्हणजे गोड नव्हे. तो फळांचा गंध असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साधारणपणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ‘ड्राय’, तर ४५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर असलेली ‘स्वीट’ ठरते. इटालियन बाटलीवर ‘सेक्को’ म्हणजे ड्राय, ‘अमाबिले’ म्हणजे गोडसर आणि ‘डोल्चे’ म्हणजे गोड.

सुरुवात कशाने करावी?

गोडवा हवाच असेल तर इटलीची फेसाळ लांब्रुस्को (अमाबिले किंवा डोल्चे) किंवा ब्राकेत्तो द’आक्वी सोयीची. ब्राकेत्तोत स्ट्रॉबेरी आणि गुलाबाचा गंध असतो, अल्कोहोलही कमी. पुढची पायरी म्हणजे ड्राय, पण कमी टॅनिनच्या वाइन : फ्रान्सच्या बोजोले भागातील गामे किंवा पातळ सालीच्या द्राक्षाची पिनो न्वार. त्यानंतर मर्लो. जड कॅबर्ने सर्वात शेवटी. व्हाइट आणि रेडमधला दुवा म्हणून रोझेही चालते.

‘पोर्ट वाइन’चे काय?

गोवा आणि महाराष्ट्रात ‘पोर्ट वाइन’ या नावाने मिळणारी स्वस्त, गोड, तांबडी वाइन म्हणजे पोर्तुगालची पोर्ट नव्हे. अस्सल पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यात तयार होते. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचे मद्यार्क घालून प्रक्रिया थांबवतात. म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल सुमारे २० टक्क्यांवर जाते. ती गोड लागते म्हणून भराभर पिणे महागात पडते.

तापमान आणि जेवणाने फरक पडतो?

नक्कीच. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी होता, नाशिकच्या एप्रिलसाठी नव्हे. हलकी रेड १२ ते १४ अंशांवर चांगली लागते. त्यासाठी बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवावी. चहात दूध घातले की तुरटपणा मवाळ होतो, तसेच चीज किंवा मटणासोबत रेडचे होते. फार तिखट रश्श्याबरोबर मात्र अल्कोहोलची जळजळ वाढते.

हा प्रश्न केवळ चवीचा आहे का?

नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या करारानुसार ५ डॉलर किंवा अधिक आयात किंमत असलेल्या ऑस्ट्रेलियन वाइनच्या बाटलीवरील शुल्क १५० वरून १०० टक्के झाले आणि ते टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. दुसरीकडे, सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा जानेवारी २०२२ चा निर्णय विरोधानंतर रखडला. अशा वेळी पहिल्याच घोटाला बिचकलेला ग्राहक स्थानिक रेडकडे परतला नाही, तर त्याची झळ वाइनच्या द्राक्षांची बाग लावलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचू शकते.

आरोग्याचा मुद्दाही उरतोच. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गोड वाइनमध्ये त्यावर साखरेची भर पडते, हे मधुमेहींनी विसरू नये.