बर्फाच्या माथी मारलेला पराभव

नेपोलियनला आणि त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांनी हिटलरला रशियाच्या हिवाळ्याने हरविले, हे विधान इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. पराभूत सेनापतींना ही उपपत्ती सोयीची असते. निसर्गापुढे माणसाचा इलाज नाही असे एकदा म्हटले की मोहीम आखणाऱ्याचा दोष उरत नाही. परंतु तारखा व आकडे समोर ठेवले तर हे समर्थन टिकत नाही.

नेपोलियनच्या सैन्याने २४ जून १८१२ रोजी नीमेन नदी ओलांडण्यास प्रारंभ केला. फ्रेंच अभियंता मिनार याने १८६९ साली या मोहिमेचा जो प्रसिद्ध आलेख काढला, त्यानुसार ४ लाख २२ हजार सैनिक निघाले आणि मॉस्कोपर्यंत पोहोचले १ लाख. मॉस्कोत प्रवेश झाला तो १४ सप्टेंबरला. बर्फ पडण्यापूर्वीच, भर उन्हाळ्यात, एवढी फौज मृत्यू, रोगराई, पलायन आणि वाटेत मागे ठेवाव्या लागलेल्या तुकड्या यांत खर्ची पडली होती. घोडे वैरणीवाचून मेले, रसदीच्या गाड्या चिखलात रुतल्या आणि माघार घेणाऱ्या रशियनांनी कोठारे जाळून टाकली. परतीच्या वाटेवर थंडीने अनर्थ केला हे खरे. परंतु तिने गाठले ते आधीच उपाशी असलेल्या सैन्याला. परतले अवघे १० हजार.

२२ जून १९४१ रोजी सुमारे ३० लाख जर्मन सैनिक सोव्हिएत हद्दीत शिरले. रणगाड्यांसाठी गाजलेल्या या सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते. पुरवठा खात्याचा हिशेब सरहद्दीपासून सुमारे ५०० किलोमीटरपर्यंतच पुरत होता. मॉस्को त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर होते. सोव्हिएत रेल्वेच्या रुळांतील अंतर १५२४ मिलिमीटर, तर जर्मनीचे १४३५; त्यामुळे रूळ बदलत पुढे जावे लागले. काही आठवड्यांत विजय मिळणार हे गृहीतच होते. हिवाळा तोंडावर आला तेव्हा अपुऱ्या गाड्यांतून दारूगोळा व इंधन न्यायचे की गरम कपडे, असा पेच पडला. सैनिक गोठले ते या पेचामुळे.

या तुटीचा एक भाग आक्रमकांनी जाणूनबुजून दुसऱ्यांच्या माथी टाकला होता. सैन्याने रशियातील धान्यावरच जगावे आणि त्यापायी कोट्यवधी लोक उपाशी मरतील, याची नोंद बर्लिनमधील अधिकाऱ्यांनी मे १९४१ मध्येच कागदावर केली होती. १९४२ च्या आरंभापर्यंत सुमारे २० लाख सोव्हिएत युद्धकैदी मेले. लेनिनग्राडचा वेढा ८७२ दिवस चालला.

थंडी कोणाचीही मित्र नसते. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडच्या अरण्यांत गोठून मेले ते सोव्हिएत सैनिकच होते. १९४१ मध्ये देश वाचला तो दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने पूर्वेकडे हलवून ते पुन्हा सुरू करणाऱ्या कामगारांमुळे, त्यांत राबणाऱ्या स्त्रियांमुळे आणि आघाडीवरील सैनिकांमुळे. अनुभवी सेनाधिकाऱ्यांचा आधीच संहार करून आणि आक्रमणाचे इशारे धुडकावून स्टालिनने त्यांचे ओझे वाढविले होते. सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत नागरिक व सैनिक या युद्धात मेले. हे श्रेय हिवाळ्याला देणे म्हणजे त्यांच्या स्मृतीशी कृतघ्नपणा करणे होय.

हा अनुभव ज्या देशाने भोगला, त्याच्या राज्यकर्त्यांनीही तो विसरावा यासारखा दैवदुर्विलास नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले ते झटपट विजयाच्या भरवशावर. कीव्हच्या उत्तरेस रशियन वाहनांची मैलोगणती लांब रांग खोळंबून राहिली आणि एप्रिलच्या आरंभापर्यंत त्या भागातून माघार घ्यावी लागली. तेथे बर्फाला दोष देण्याचीही सोय नव्हती.

युद्ध थोडक्यात आटोपेल असे सांगणाऱ्यांना जनतेने अंतर किती आणि रसद कोणाच्या ताटातून येणार, हे युद्धापूर्वीच विचारले पाहिजे. नंतर उत्तर द्यावे लागते ते सैनिकांना व सामान्य जनांना, आणि तेही प्राणांच्या मोलाने.