अट गेली, जबाबदारी उरली

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे पर्यटन जहाज अडकून पडले. जहाजावरील ३,७११ लोकांपैकी ७१२ जणांना कोरोनाची बाधा झाली आणि दहाहून अधिक दगावले. प्रवाशांत साठी उलटलेल्यांचाच भरणा होता. मार्चमध्ये अमेरिकेने अशा सफरींवर बंदी घातली.

जून २०२१ मध्ये अमेरिकन बंदरांतून सफरी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा बड्या कंपन्यांनी लसीचा आग्रह धरला. फ्लोरिडा राज्याने लसीचा दाखला मागण्यास मनाई केली, तर नॉर्वेजियन कंपनी न्यायालयात गेली. कारण उघड आहे. निवृत्त ग्राहकाचा विश्वास उडाला की हा धंदा बसलाच. मात्र २०२२ मध्ये बहुतेक कंपन्यांनी ही अट सैल केली.

अट गेली म्हणजे गरज संपली, असे आम्हांस वाटत नाही. निर्णयाचा भार तेवढा कंपनीकडून प्रवाशाकडे आला. लस संसर्ग पूर्णपणे रोखत नाही, पण गंभीर आजाराचा धोका कमी करते. भर समुद्रात हेच मोलाचे ठरते. जहाजावर दवाखाना असतो, मोठे इस्पितळ नसते. शिवाय अमेरिकी ज्येष्ठांची सरकारी विमा योजना 'मेडिकेअर' बंदरापासून ६ तासांपलीकडे गेलेल्या जहाजावरील उपचारांचा खर्च देत नाही.

म्हणून ज्येष्ठांनी तिकिटाची सवलत पाहण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लस घ्यायची ठरल्यास ती निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी आणि प्रवास विमाही उतरवावा. स्वस्त तिकीट आजारपणात फार महाग पडते.