पाडण्यासाठी बांधलेली घरे

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून प्रार्थना समाजाकडे चालू लागावे, म्हणजे आपल्या चित्रपटाचे सारे बालपण पायांखालून जाते. १९११ साली याच गिरगावात, अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. एवढे गिरगावकराला पाठच असते. पण हरिश्चंद्राचा राजवाडा उभा कोणी केला, असे विचारा. भलेभले गप्प बसतील. तोही फाळक्यांनीच!

आणि ते काही हौसेखातर नव्हे. १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झालेला हा माणूस पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर मूर्तिकाम आणि वास्तुकलाही शिकला. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले ते कशासाठी? आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी. म्हणजे पहिला चित्रपट काढण्याच्या वीस वर्षे आधी त्यांनी प्रेक्षागृह रचून दाखविले होते. दादरच्या बंगल्यात त्यांनी राजवाडा मांडला, तेव्हा चित्रण सूर्यप्रकाशावर चाले; सबब वाड्याला छप्पर असून भागणार नव्हते. खऱ्या खांबाला वरचा मजला पेलावा लागतो, फाळक्यांच्या खांबाला प्रेक्षकाचा विश्वास पेलायचा होता. दोन्ही कामे अवघडच; मात्र दुसऱ्या खांबाचे नाव कोणत्याही नकाशात लागत नाही.

या कामाला आपल्याकडे आधी नेपथ्य म्हणत, मग कलादिग्दर्शन म्हणू लागले आणि हल्ली 'प्रॉडक्शन डिझायनर' असा भारदस्त शब्द रूढ झाला आहे. शब्द काहीही असो, काम काय ते पाहा. समजा, पडद्यावर आपल्या चाळीतली खोली दाखवायची आहे. खऱ्या खोलीत कॅमेरा ठेवला तर मागे सरायला जागा नाही; घरातली माणसेच एकमेकांना 'जरा सरक' म्हणत दिवस काढतात, तिथे कॅमेऱ्याला कोण विचारतो! म्हणून तीच खोली प्लायवूड आणि प्लास्टरने स्टुडिओत उभारायची, एक भिंत हवी तेव्हा काढता येईल अशी ठेवायची, दिव्यांसाठी वरचा भाग मोकळा सोडायचा. आणि एवढे करून प्रेक्षकाला वाटले पाहिजे की पलीकडे मोरी आहे आणि तिथे कोणी तरी भांडी घासते आहे. घर खरे कसे बांधतात नि कसे वापरतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला खोटे घर बांधता येत नाही.

नितीन चंद्रकांत देसाईंना हे ठाऊक होते. १९८७ मध्ये 'तमस'साठी नितीश रॉय यांच्या हाताखाली त्यांनी सुरुवात केली आणि पुढे कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळविला. 'देवदास'मधले (२००२) त्यांचे काम डोळे दिपवते. पारोच्या घराला रंगीत काचा किती, त्याला सुमार नाही! पण आमच्यासारख्या चाळकऱ्याला राहून राहून प्रश्न पडतो की, या घरात अंघोळीचे पाणी कुठे तापवीत असतील? त्याआधीच्या 'लगान'मध्ये (२००१) असा प्रश्न पडत नाही. भुजजवळच्या माळावर उभे केलेले ते चांपानेर पाहताना या घरातून त्या घरात विस्तव मागायला कोण जात असेल, हेसुद्धा कळते. आमच्या मते देसाईंचे मोठे काम ते. लोक मात्र काचा मोजतात.

सेट पाडण्यासाठीच बांधायचा असतो. ही गोष्ट मनाला लावून न घेणे, हा या धंद्याचा पहिला धडा. आणि देसाईंना तोच जमला नाही, असे वाटते. २००५ साली कर्जतजवळ त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी तिथे आग्र्याचा किल्ला उठला. एकदा बांधलेले पुन्हा पुन्हा वापरता यावे, लोकांनी येऊन पाहावे, असा तो मनोरथ होता. पण प्लास्टरच्या किल्ल्यालाही पावसाळा असतो आणि कर्जाला व्याज. कर्जाचा डोंगर झाला, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत त्यांनी आयुष्य संपविले. ज्याने एवढी राज्ये उभारली, त्याला ती उभी ठेवणारे कोणी मिळाले नाही, ही गोष्ट आपल्या चित्रपटधंद्याने सहज विसरावी अशी नाही. चमत्कार असा की, वर्षानुवर्षे हाच माणूस लालबागच्या राजाचा मंडपही सजवीत असे. ती वास्तू दहा-अकरा दिवसांची. विसर्जनानंतर ती उतरवली जाते आणि कोणाला वाईट वाटत नाही, कारण पुढल्या वर्षीचे बोलावणे आधीच झालेले असते.

आता गिरगावकडे वळू, कारण इकडे उलटाच प्रकार चालू आहे. कायम राहण्यासाठी बांधलेल्या चाळी सेटसारख्या उतरवल्या जात आहेत. भुयारी मेट्रोसाठी काही इमारती गेल्या, काहींच्या जागी मनोरे आले. २०२५ मध्ये गिरगाव स्थानकही सुरू झाले. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या माणसाला चाळीचे काव्य सांगू नये. पण आणखी तीस वर्षांनी एखाद्या दिग्दर्शकाला पडद्यावर चाळ हवी झाली, तर ती बांधणार कोण आणि कशावरून? जुन्या चित्रपटांवरून बांधली तर ती नकलेची नक्कल होईल. गॅलरीचा कठडा कमरेला लागतो की छातीला, जिन्याची कोणती पायरी झिजते, दाराच्या कडीला किती बोटे जागा असते, हे कॅमेऱ्यातून नीट कळत नाही. ते फूटपट्टीनेच मोजावे लागते. जे. जे.त कला आणि वास्तुकला या दोन्ही विद्या एकाच आवारात शिकवतात. तिथल्या पोरांनी मेजरटेप घेऊन इकडे एक फेरी मारावी. गिरगावकर चहा देतील, आणि जिन्याची कोणती पायरी चुकवायची तेही सांगतील.